कॅनडात स्थायिक होण्याआधी कुटुंबासह पाहणी-दौरा: कधी जायचं, काय बघायचं आणि कोणत्या चुका टाळायच्या?

भाड्याचं घर घेतानासुद्धा आपण दोनदा जाऊन बघतो. पाणी किती वाजता येतं, पार्किंगचं काय, मुलांची शाळा किती लांब, सगळं विचारतो. देश बदलण्याचा निर्णय मात्र बऱ्याचदा यूट्यूबचे व्हिडिओ, नातेवाईकांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो आणि एजंटचं बोलणं यांच्या भरवशावर होतो. मग दोन सुटकेसमध्ये संसार भरून तिकडे पोचल्यावर कळतं की बायकोची पदवी तिथे लगेच चालत नाही, लहान मुलीला शाळेत घ्यायला अजून एक वर्ष आहे आणि पगाराचा मोठा भाग भाड्यातच जातो.

म्हणूनच कॅनडाला कायमचं जाण्याआधी दहा-बारा दिवसांची एक फेरी करून यावी, असा विचार काही कुटुंबं करतात. चौघांची तिकिटं, राहणं, विमा असा खर्च काही लाखांत जातो. तो सत्कारणी लागायचा असेल, तर ही सहल नाही हे आधीच ठरवून टाकावं लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कुटुंब घेऊ. पुण्यात कोथरूडला राहणारे चौघं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायको शाळेत शिक्षिका, मुलगा सातवीत, मुलगी साडेतीन वर्षांची. त्यांनी हा दौरा कसा आखावा?

कोणता व्हिसा लागतो?

पाहणी-दौऱ्यासाठी वेगळा व्हिसा नाही. साधा व्हिजिटर व्हिसाच काढावा लागतो. त्याचं शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर आहे. बोटांचे ठसे आणि फोटो, म्हणजे बायोमेट्रिक्ससाठी एका व्यक्तीला ८५ डॉलर आणि एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाला जास्तीत जास्त १७० डॉलर पडतात. १४ वर्षांखालील मुलांना बायोमेट्रिक्स द्यावं लागत नाही. म्हणजे आपल्या चौघांचा हिशेब ५७० डॉलरचा झाला. त्यावर व्हिसा केंद्राच्या ऐच्छिक सेवांचे पैसे वेगळे. शुल्क अधूनमधून बदलतं, त्यामुळे अर्ज भरण्याआधी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघून घ्या. बायोमेट्रिक्स मुंबई किंवा पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रात देता येतं आणि साधारणपणे १० वर्षं ग्राह्य धरलं जातं.

इथे एक मोठा प्रश्न पडतो. आपल्याला पुढे तिथेच राहायचं आहे, हे व्हिसा अर्जात सांगायचं की लपवायचं?

लपवायचं नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ मध्येच याची तरतूद आहे. पुढे कायमचं राहायची इच्छा असणं हे तात्पुरता व्हिसा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. अट एकच: मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल, याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. म्हणून नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड, आयकर विवरणपत्रं, बँक स्टेटमेंट आणि दिवसवार कार्यक्रम हे कागद महत्त्वाचे ठरतात. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. व्हिसा नाकारला गेला, तर तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात नमूद करावा लागतो. म्हणजे या छोट्या अर्जातली चलाखी पुढच्या मोठ्या अर्जाच्या मुळावर येऊ शकते.

पीआरच्या आधी जायचं की नंतर?

दोन्ही मार्ग आहेत आणि दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

पीआरच्या अर्जाआधी गेलात, तर निर्णय मोकळेपणाने घेता येतो. मात्र नुसती भेट देऊन आल्याबद्दल एक्सप्रेस एंट्रीत गुण मिळत नाहीत.

पीआर मंजूर झाल्यावर जाणारे या फेरीलाच ‘सॉफ्ट लँडिंग’ म्हणतात. जायचं, कागदांवर प्रवेशाची नोंद करायची आणि आवराआवर करायला परत यायचं. यात चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, मंजुरीच्या कागदावर मुदत लिहिलेली असते, त्याआधी प्रवेश झालाच पाहिजे. दोन, मुख्य अर्जदाराच्या आधी बाकीच्यांना प्रवेश करता येत नाही. तीन, पीआर कार्ड कॅनडातल्या पत्त्यावरच येतं, त्यामुळे तिथे भरवशाचं कोणीतरी लागतं. चार, पीआर टिकवायला पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं आणि हे घड्याळ पहिल्या प्रवेशापासून सुरू होतं.

आणखी एक बाब हमखास विसरली जाते. मागाहून येणाऱ्या सामानाची यादी या पहिल्याच प्रवेशाच्या वेळी कस्टम्सला द्यावी लागते. आपल्याकडे यात मुख्य भाग दागिन्यांचा. मंगळसूत्र, बांगड्या, तोडे दुसऱ्या फेरीत न्यायचे असतील, तर त्यांचे फोटो आणि सराफाकडून घेतलेलं मूल्यांकन पहिल्या फेरीतच सोबत ठेवा. यादीत नसलेल्या वस्तूंवर नंतर कर लागू शकतो.

कोणत्या महिन्यात जायचं?

मे महिन्याच्या सुट्टीत गेलं की सगळं छान दिसतं. ऊन असतं, झाडं हिरवी असतात, रात्री आठनंतरही उजेड असतो. पण राहायचं तर बाराही महिने आहे. डिसेंबरच्या शेवटी टोरंटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. विनिपेगमध्ये जानेवारीतलं रात्रीचं सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास असतं. व्हँकुव्हरला थंडी कमी, पण हिवाळाभर पाऊस आणि ढग.

कुटुंबासाठी दिवाळीची सुट्टी सोयीची पडते. टोरंटोत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, संध्याकाळ लवकर होते, थंडी सुरू झालेली असते आणि शाळा चालू असतात. नाताळात शाळा साधारण दोन आठवडे बंद असतात. जुलै-ऑगस्टमध्येही शाळेत कोणी भेटणार नाही. मे महिन्याशिवाय जमतच नसेल, तर निदान शाळा तरी बघून होतील. फक्त हवामानावरून मत बनवू नका.

किती शहरं बघायची?

जास्तीत जास्त दोन. टोरंटो ते व्हँकुव्हर विमानानेच जवळपास पाच तास लागतात आणि घड्याळात तीन तासांचा फरक पडतो. त्यात भारतातून गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस मुलं मध्यरात्री टक्क जागी असतात. पाच शहरं केलीत, तर फक्त विमानतळ बघून याल.

आपल्या कोथरूडच्या कुटुंबाने टोरंटोजवळचं मिसिसॉगा आणि अल्बर्टा प्रांतातलं कॅल्गरी ही दोन शहरं निवडली असं धरू. प्रांत बदलला की नियम किती बदलतात, ते या जोडीवरून चांगलं कळतं. ऑन्टारिओत ज्या वर्षी मूल चार वर्षांचं होतं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी शाळेच्या ज्युनिअर किंडरगार्टनमध्ये पूर्ण दिवसासाठी मोफत जाऊ शकतं. अल्बर्टात त्यासाठी पाच वर्षांचं व्हावं लागतं. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी कॅल्गरीत जास्त काळ पाळणाघराचे पैसे मोजावे लागतील आणि आईची नोकरी त्यावर अवलंबून असेल. उलट ऑन्टारिओत बहुतेक वस्तूंवर १३ टक्के विक्रीकर लागतो, अल्बर्टात फक्त ५ टक्के. दुकानातल्या लेबलवर बहुतेक वेळा हा कर धरलेला नसतो. एमआरपीची सवय असलेल्या माणसाला बिल बघून धक्का बसतो.

क्यूबेकचा विचार असेल, तर तिथे इमिग्रेशनची निवड प्रांत स्वतः करतो आणि स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शिक्षण साधारणपणे फ्रेंचमधूनच घ्यावं लागतं.

तिथे गेल्यावर दिवस कसे घालवायचे?

नायगारा एक दिवस बघून या, मुलांनाही तेवढं हवंच. बाकीचे दिवस तिथे राहणाऱ्यासारखे काढा. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि जिथे राहायचा विचार आहे त्याच वस्तीत घ्या.

नोकरीची वाट: एका कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला चौघांनी घराबाहेर पडा. मिसिसॉगातून बसने गो ट्रेनच्या स्टेशनवर, तिथून टोरंटोच्या युनियन स्टेशनला. नकाशावरची वेळ आणि थंडीत बसस्टॉपवर उभं राहून लागलेली वेळ यांतला फरक कळेल.

शाळा: सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. आधी ईमेल करून वेळ मागा. वर्ग वयानुसार ठरतो, त्यामुळे सातवीतल्या मुलाला कोणत्या इयत्तेत घालतील, इंग्रजीसाठी मदत मिळते का, हे विचारा. मुलाला सोबत न्या. प्रश्न त्यालाच विचारू द्या.

घर: तीन-चार भाड्याची घरं प्रत्यक्ष बघा, त्यात एक बेसमेंटही असू द्या. हीटिंग भाड्यात धरलं आहे का, ‘हायड्रो’चं बिल कोण भरतं, हे विचारा. ऑन्टारिओत विजेच्या बिलाला हायड्रो म्हणतात. तिथे घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ मागू शकतो. बहुतेक जण क्रेडिट स्कोअर आणि नोकरीचं पत्रही मागतात. नवख्या माणसाकडे ही दोन्ही नसतात, तेव्हा काय चालेल तेही विचारून घ्या.

बायकोची नोकरी: बऱ्याच घरांत हा विषय सगळ्यात शेवटी येतो, खरं तर तो पहिला असायला हवा. शिक्षक, नर्स, डॉक्टर यांना प्रत्येक प्रांतात वेगळा परवाना लागतो. ऑन्टारिओत शाळेत शिकवायचं तर ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्सचं प्रमाणपत्र हवं. कोणते कागद, किती खर्च, किती महिने, याची चौकशी भारतातूनच सुरू करा. तिथे गेल्यावर, आधी या वाटेने गेलेल्या एखाद्या शिक्षिकेला भेटा. टोरंटोचं मराठी भाषिक मंडळ किंवा त्या शहरातलं महाराष्ट्र मंडळ अशी ओळख करून देऊ शकतं.

दवाखाना: व्हिजिटरना सरकारी आरोग्यसेवा मोफत मिळत नाही, म्हणून प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नका. स्थायिक झाल्यावरही काही प्रांतांत थांबावं लागतं. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना आणि त्यापुढचे दोन महिने सरकारी विमा सुरू होत नाही. त्या शहरात फॅमिली डॉक्टर नवे रुग्ण घेतात का, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारा.

रोज संध्याकाळी खर्च वहीत लिहा. किराणा, बस, औषध, बाहेरचं जेवण, सगळं. मात्र आकडे रुपयांत बदलत बसू नका. तिथल्या संभाव्य पगारातून हातात किती येतील आणि त्यातून हे भागेल का, एवढंच बघा.

काय करायचं नाही?

व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, रोखीनेसुद्धा नाही. मुलाखत देता येते. ‘व्हिजिटर म्हणून जा, तिथूनच वर्क परमिट काढून देतो’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. करोनाकाळात दिलेली तशी सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. पैसे घेऊन जॉब ऑफर विकणाऱ्यांचंही तेच. एक्सप्रेस एंट्रीत जॉब ऑफरचे जादा गुण मिळणं २५ मार्च २०२५ पासून थांबलं आहे.

घर आवडलं म्हणून बयाणा देऊ नका. परदेशी नागरिकांना कॅनडात निवासी मालमत्ता विकत घ्यायला १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या प्रमाणात बंदी आहे आणि ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. भाड्याच्या घरासाठीही, न बघता पैसे पाठवू नका.

आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांना घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र सोबत ठेवा. अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसलं, तरी तिथे विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरू नका.

आजी-आजोबांचं काय?

त्यांना या दौऱ्यावर नेलंच पाहिजे असं नाही, पण त्यांचा प्रश्न यादीत हवा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाचं किंवा मुलीचं ठरावीक उत्पन्न आणि आई-वडिलांचा किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. उतारवयात या विम्याचा हप्ता बराच येतो, तो आधीच काढून बघा. आणि त्यांना यायचंच नसेल, तर पुण्यात रात्री-अपरात्री त्यांच्याकडे कोण धावून जाईल, याचंही नाव ठरवा.

परत आल्यावर

विमानतळावरच निर्णय जाहीर करू नका. दोन आठवडे जाऊ द्या. मग चौघांनी, म्हणजे मोठ्या मुलानेही, वेगवेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: काय आवडलं, कशाची भीती वाटली आणि काय झालं तरच जायचं. कागद एकमेकांना वाचायला द्या. बऱ्याचदा कळतं की नवऱ्याची भीती पैशांची आहे, बायकोची रिकाम्या हातांची आणि मुलाची मित्र नसण्याची.

त्यानंतर जायचं ठरलं, तर हातात शहर, शाळा, परवान्याची माहिती आणि खर्चाची वही असेल. नको असं ठरलं, तरी दौऱ्याचे पैसे वाया गेले असं समजू नका. नोकऱ्या सोडून, घर विकून तिकडे गेल्यावर हेच कळलं असतं, तर ते कितीतरी महागात पडलं असतं.