त्रास नसताना तपासणी कशाला?

खुलताबादच्या बायका हे नेहमी विचारतात. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ विषाणू सापडला. त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने फार उपद्रवी. ई६ पेशीतला पी५३ हा पहारेकरी संपवते, ई७ पेशीविभाजनाचा ब्रेक निकामी करते. मग डीएनएतल्या चुका तशाच ठेवून पेशी वाढत राहते, गुणसूत्रे तुटतात, कमीजास्त होतात. याला बरीच वर्षे लागतात, आणि तोवर बाईला काहीही जाणवत नाही.

आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि साधारण तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्याच उपचारांवर ठेवलेल्या गटात ६४.