मृत्यूची नोंद कुणासाठी? घराण्याच्या इतिहासाची काही साधने

मागच्या व्याख्यानानंतर अनेकांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "आमचे पणजोबा कधी वारले, हे आम्हाला कुठे कळेल?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका कचेरीचं नाव सांगून संपत नाही. म्हणून आजचं व्याख्यान याच विषयावर ठेवलं आहे.

सुरुवात घरापासून करतो. आमच्याकडे पितृपंधरवड्यात नवमीला एक पान वाढतात, माझ्या आजोबांच्या आईसाठी. लहानपणी मी विचारलं, ती कधी गेली? उत्तर आलं, "तापाच्या साथीत." तिचं नाव काय? तर वडील एक नाव सांगत आणि आत्या दुसरं. बस, एवढीच माहिती. या बाईला शोधता शोधता मला जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे घरं तारीख सांभाळत नाहीत, तिथी सांभाळतात. आणि तिथीही नीट ऐकावी लागते. महालय, म्हणजे पितृपंधरवड्यातलं श्राद्ध, हे माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला होतं, पण महिना मात्र भाद्रपदच. त्यामुळे "आजोबांची पंचमी" म्हटलं की ते भाद्रपदात गेले असं समजू नका. ते माघ शुद्ध पंचमीलाही गेलेले असतील. तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावास्या. अपघातात किंवा शस्त्रानं मृत्यू आला असेल तर चतुर्दशी. आणि नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. म्हणजे आमच्या घरच्या नवमीनं मला तिच्या मृत्यूची तिथी सांगितलीच नाही. तिनं सांगितलं एवढंच, की ती गेली तेव्हा पणजोबा हयात होते. तेही काही कमी नाही. पण खरी तिथी हवी असेल, तर घरातल्या मोठ्यांना असं विचारा: "वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात करायचे?"

तिथी आणि शक मिळाला की साल काढणं सोपं. शकात ७८ मिळवा. मात्र मृत्यू एक जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९. पडताळून बघू. साईबाबांचं निधन शके १८४० च्या विजयादशमीला झालं. १८४० अधिक ७८, १९१८. तारीख १५ ऑक्टोबर. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगनं गेल्या त्या १० मार्च १८९७ ला, पाडव्याच्या आधी. तेव्हा शके १८१८ चालू होतं. इथे ७९ मिळवावे लागतात. नेमका दिवस मग जुन्या पंचांगावरून काढता येतो.

आता सरकारी नोंदींकडे येऊ. इंग्रजांच्या सरकारनं गावोगावचे मृत्यू लिहायला लावले, ते तुमच्या-माझ्या वंशावळीसाठी नव्हे. त्यांना साथींचा हिशेब हवा होता. पटकीनं किती गेले, देवीनं किती, १८९६ पासून प्लेगनं किती. गावात ही माहिती पाटलाकडून यायची, वऱ्हाड-मध्यप्रांताकडे कोतवालाकडून. म्हणून आजही लोक "कोतवाल बुकाची नक्कल" असा शब्द वापरतात. आपल्या महसूल दफ्तरात हीच जन्म-मृत्यूची नोंदवही गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते. जुनी पानं मोडीत आहेत, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस सोबत लागतो.

मृत्यूचं कारण वाचताना सावध राहा. पाटील काही वैद्य नव्हता. सरकारी तक्त्यात पटकी, देवी, प्लेग, हगवण असे ठरावीक रकाने होते, आणि बाकी बरंच काही "ताप" या एका शब्दात जमा व्हायचं. १९१८ चा इन्फ्लुएंझा घ्या. जूनमध्ये तो मुंबईत आला, सप्टेंबरमध्ये दुसरी आणि भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यात सुमारे १० लाख माणसं गेली असा अंदाज आहे. पण गावच्या वहीत तुम्ही इन्फ्लुएंझा हा शब्द शोधाल तर हाती काही लागणार नाही. तिथे दिसतील पानंच्या पानं: ताप, ताप, ताप.

हे कळल्यावर "तापाच्या साथीत" या आमच्या घरच्या शब्दांना अर्थ आला. त्या साथीत तरणी माणसं जास्त गेली, आणि गरोदर बायकांना तर ती फारच जड गेली. मी आमच्या गावची १९१८ ची वही पाहिली. तिचं नाव नाही. पुढची-मागची वर्षं पाहिली. नाही.

तेव्हा वाटलं, जमिनीच्या कागदात सापडेल. खातेदार मेला की फेरफार होतो. १९०३ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, आणि फेरफाराच्या वहीत "अमुक इसम मयत, वारस खालीलप्रमाणे" अशा नोंदी मिळू लागतात. हे साधन फार मोलाचं आहे, कारण एका ओळीत दोन पिढ्या सापडतात. मात्र नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कित्येक घरांत वारस लावायला दहा-दहा वर्षं लागलेली आहेत. आणि दुसरं म्हणजे, ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या मृत्यूनं फेरफार होत नाही. भूमिहीन मजूर तिथे नाही. आणि बाई बहुतेक वेळा येते ती विधवा म्हणून, धाकट्या वारसांची "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून. नवऱ्याआधी गेलेली बाई या वहीत कशाला येईल? तिच्या जाण्यानं सातबारावर काहीच बदलत नव्हतं.

पुढचं साधन म्हणजे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथे घराण्यानुसार, गावानुसार नामावळ्या ठेवलेल्या असतात. अस्थी घेऊन आलेला मुलगा बापाचं, आजाचं, भावांचं नाव लिहितो आणि खाली सही करतो. पूर्वजाच्या हातचं अक्षर पाहायला मिळतं. इथेही लक्षात ठेवा, तारीख यात्रेची आहे, मृत्यूची नाही.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता तुलनेनं अलीकडच्या आणि शहरी माणसांच्या. पण त्या बारकाईनं वाचा. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे" हे वाक्य आपण सवयीनं ओलांडून जातो. तीच तर वंशावळ. नावाआधी "सौ." आहे की "गं. भा.", यावरून नवरा तेव्हा हयात होता की नव्हता हे कळतं. "वै." असेल तर घर बहुधा वारकरी, "पै." म्हणजे पैगंबरवासी, "कालकथित" म्हणजे बौद्ध कुटुंब. दोन अक्षरांत बरंच काही असतं.

आता परत पणजीकडे येतो. माझी चूक कुठे होत होती? मी तिला सासरी शोधत होतो. मृत्यूची नोंद माणूस जिथला रहिवासी आहे तिथे होत नाही, तर तो जिथे मरतो तिथे होते. आजच्या १९६९ च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. आणि आपल्याकडे लेक बाळंतपणाला कुठे जाते? माहेरी. तिच्या माहेरचं गाव कुठल्याच कागदात नव्हतं. ते आत्याला ठाऊक होतं, कारण आजोबा लहानपणी दिवाळीला मामाकडे जायचे. त्या गावच्या वहीत, १९१८ च्या ऑक्टोबरात, ती सापडली. वडिलांचं नाव, वय २२, कारण ताप. आणि तिचं नाव, माहेरचं. आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

मंडळी, या वह्यांकडे अलीकडे अचानक लक्ष गेलं ते २०२३ मध्ये. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गाव नमुना १४ ची जुनी दफ्तरं बाहेर निघाली, कारण त्यात जातीचा रकाना आहे. साथ मोजायला लिहिलेली वही शंभर वर्षांनी आरक्षणाच्या कामी आली. नोंद ज्यानं केली त्याचा हेतू एक, वाचणाऱ्याचा दुसरा.

म्हणून मी शोधायला बसणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारायला सांगतो: या माणसाच्या मृत्यूनं कुणाचं काय बदललं असतं? जमीन होती, तर तलाठ्याची वही. साथीत गेला, तर गावची मृत्यूची वही, आणि तीही ज्या गावात गेला तिथली. मुलगा अस्थी घेऊन गेला असेल, तर क्षेत्राची नामावळी. आणि जिच्या जाण्यानं सरकारचं, जमिनीचं काहीच बदललं नाही, तिच्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, शक्यतो बायकांकडे. कुणाचं माहेर कुठलं, हे त्यांनाच माहीत असतं.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूच्या नोंदीचा शोध घ्यायला सांगून उतारा मागता येतो. मात्र त्या उताऱ्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही. तेव्हा अर्जात साल, गाव आणि नाव जितकं नेमकं देता येईल तितकं द्या. आणि अर्ज करण्याआधी आत्याला एक फोन करा. माझ्या आत्यानं ते गाव सांगितलं तेव्हा ती नव्वदीची होती. मी तिला विचारायला वीस वर्षं उशीर केला होता, तरी ती होती म्हणून जमलं.