तारण : एक तळघर

बँकेच्या कर्जखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. ताजमहालासमोर उभं केलं तरी 'यावर बोजा किती?' हाच प्रश्न त्याच्या मनात येतो. त्यामुळे अमेरिकेतलं अटलांटा हे शहर हिप-हॉपची एवढी मोठी पेठ कसं झालं, हे वाचताना माझं लक्ष गाण्यापेक्षा जमाखर्चाकडेच जास्त गेलं. तसं ते गाणं मला अगदीच परकं नाही. त्यात माणूस ज्या वेगानं बोलतो, त्या वेगानं आमच्याकडे मार्चअखेरीला गिऱ्हाईक बोलतं.

हिप-हॉपचं जन्मगाव मात्र अटलांटा नव्हे, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत कूल हर्क नावाच्या तरुणानं बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. बहिणीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे हवे होते, म्हणून तिकीट लावलं होतं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. शाळेच्या कपड्यांच्या खर्चातून एक कला जन्माला यावी, हे कुठल्याही मध्यमवर्गीय बापाला तात्काळ पटेल.

त्याच वर्षी दक्षिणेत अटलांटानं मेनार्ड जॅक्सन यांना निवडून दिलं. शहराचे हे पहिले कृष्णवर्णीय महापौर. नवा विमानतळ व्हायचा होता. कंत्राटांतला २५ टक्के वाटा अल्पसंख्याक व्यावसायिकांना मिळालाच पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. बरीच ओढाताण झाली, पण १९८० साली नवा विमानतळ उघडला. आता विमानतळाचा नि गाण्याचा संबंध काय? अहो, बापाच्या खिशात चार पैसे असले, तरच पोरगं पेटी घेतं! मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे गाव. मोअरहाउस, स्पेलमनसारखी कृष्णवर्णीयांची नामांकित कॉलेजं इथलीच. त्यात आता कंत्राटदार, वकील, व्यापारी यांची भर पडली. गाणाऱ्याला श्रोता लागतो. आणि तिकीट काढणारा श्रोता तर फारच लागतो.

१९८९ साली एल. ए. रीड आणि बेबीफेस यांनी 'लाफेस' ही रेकॉर्ड कंपनी अटलांटात थाटली. म्हणजे हेड ऑफिसच तालुक्याला आलं. सहीसाठी न्यूयॉर्कला खेपा घालायला नकोत. मग १९९१ मध्ये जर्मेन डुप्री या तरुणाला तिथल्या एका मॉलमध्ये दोन पोरं दिसली. त्यांची त्यानं 'क्रिस क्रॉस' ही जोडी केली, आणि उलट्या पँटी घालून ती १९९२ मध्ये आठ आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. आमच्या घरी विजार उलटी घातली असती, तर आजीनं आठ आठवडे जेवू दिलं नसतं.

पण माझा जीव अडकला तो लेकवुड भागातल्या एका तळघरात. रिको वेड या तरुणाच्या आईचं घर. तळघराला फरशी नाही, जॉर्जियाची लाल माती. तिथं पोरं रात्रंदिवस कवनं लिहीत बसायची. रिकोच्या संगीतकार त्रिकुटाच्या नावाचा अर्थ 'शिस्तबद्ध गोंगाट'. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? धंदा : गोंगाट. जागा : आईची. तारण : माती. आमच्या कुठल्याही साहेबानं तो उभ्या उभ्या परत केला असता. त्या माउलीनं मात्र कागद न मागता अख्खी टोळी घरात घेतली.

याच तळघरातून 'आउटकास्ट' ही जोडी निघाली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या एका समारंभात त्यांना उत्तम नव्या चमूचं पारितोषिक जाहीर झालं आणि सभागृहानं हुर्यो उडवली. हिप-हॉप म्हणजे न्यूयॉर्क, नाहीतर लॉस एंजेलिस. हे हेल काढून बोलणारे दक्षिणेकडचे गावंढळ कोण? वीस वर्षांचा आंद्रे माइकसमोर उभा राहिला आणि दक्षिणेलाही काही म्हणायचंय, एवढं सांगून खाली उतरला. मोठ्या शहरात ज्याच्या बोलीला कुणी हसलं आहे, त्याला हे वाक्य समजायला इंग्रजी येण्याची गरज नाही. हेल बदलणं सोपं होतं. त्यांनी तो बदलला नाही. २००४ साली त्यांच्या दुहेरी अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

खात्याला नावेची बाजूही असते. विमानतळाचा पैसा सगळ्या गल्ल्यांत पोचला नाही. जिथं पोचला नाही तिथल्या, अमली पदार्थ विकणाऱ्या घरांना 'ट्रॅप' म्हणत. टी. आय. या गायकानं २००३ साली तेच नाव आपल्या अल्बमला दिलं, आणि पुढे ते एका संगीतप्रकाराचंच नाव झालं. शहराची श्रीमंती नि शहराचं दारिद्र्य, दोन्ही एकाच वहीत जमा झाली.

रिको वेड २०२४ साली गेला. ते तळघराचं घर त्याआधीच, २०१९ मध्ये, आउटकास्टमधल्या बिग बॉयनं विकत घेतलं होतं. लाल मातीत बसून लिहिणारा पोरगाच मालक झाला. आमच्या भाषेत याला खातं नियमित होणं म्हणतात. फक्त ते उघडायला कुठलाच बँकवाला पुढे आला नव्हता. एक आई आली होती.