मागच्या सीटवर कोण?

मागच्या वर्षी थंडी सरता सरता कॅनडातून माझ्या मामेभावाचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो. खेड तालुक्यातलं गाव सोडून आधी दुबई आणि तिथून ओंटारिओ, असा त्यांचा प्रवास. वय साठीच्या पुढे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मोटरसायकलचं वेड मात्र वीस वर्षांच्या पोराचं. त्याआधीच्या उन्हाळ्यात सिग्नलला थांबताना त्यांच्या पायाने दगा दिला आणि जड मोटरसायकल आडवी झाली. भाभी मागे बसल्या होत्या. त्यांचं मनगट मोडलं.

भाईजाननी ती गाडी विकली. पण सहा महिन्यांतच तीन चाकांच्या मोटरसायकलींची माहितीपत्रकं घरात येऊ लागली. कॅन-अ‍ॅमच्या स्पायडर या गाडीचे दोन प्रकार त्यांनी काढून ठेवले होते. एक आरटी, म्हणजे लांबच्या प्रवासाची. दुसरी एफ३, म्हणजे जरा चपळ, रस्त्यावर मजा देणारी. भाईजानना एफ३ हवी होती, भाभींना आरटी. "तू मास्तरीण आहेस. जरा वाच आणि फैसला दे," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांशी माझा संबंध रिक्षाच्या आणि नवऱ्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटपुरता. इंजिनाचे आकडे वाचून मला काही उमजेना. तेव्हा मी इतिहासाकडे वळले, कारण तो निदान वाचता येतो. वाचत गेले तसं लक्षात आलं की भाईजान-भाभींचं हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे.

फ्रान्समधल्या द दियॉन-बूतों कंपनीने १८९० च्या दशकात इंजिन लावलेली तीनचाकी सायकल विकायला काढली. पुढे एक चाक, मागे दोन आणि स्वार एकटा. तरुण मंडळींनी ती शर्यतीत पळवली. पण घरच्या माणसाला कुठे बसवायचं? त्यावर त्या काळात निघालेला तोडगा वाचून मी हसले आणि मग जरा गप्प झाले. गाडीच्या पुढे दोन चाकं, त्यांच्यामध्ये एक खुर्ची, आणि चालवणारा मागे. इंग्लंडात या प्रकाराला फोरकार म्हणत. समोरची धूळ, चिखल, गार वारा सगळा खुर्चीतल्या पाहुणीच्या तोंडावर, आणि टक्कर झालीच तर पहिला मार तिलाच. पुढे साइडकार आली आणि फोरकार मागे पडली. त्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

खरी गोष्ट सुरू होते ती इंग्लंडातल्या मॉल्व्हर्न गावात. एच. एफ. एस. मॉर्गन हा एका पाद्र्याचा मुलगा. गॅरेज चालवायचा. १९०९ मध्ये त्याने स्वतःसाठी एक तीनचाकी बनवली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि प्युजोचं दोन सिलिंडरचं इंजिन. मॉल्व्हर्न कॉलेजातले अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांनी त्याला या कामात मदत केली. (शिक्षकांचा उल्लेख इतिहासात क्वचितच येतो. आला की मी तो वगळत नाही.) १९१० च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात मॉर्गनने ही गाडी मांडली. लोकांनी गर्दी केली, कौतुक केलं, पण खरेदीदार थोडेच निघाले. कारण साधं होतं. गाडीत सीट एकच होती.

मॉर्गनने वर्षभरात दोन सीटची गाडी आणली आणि मग धंदा धावू लागला. हॅरॉड्ससारख्या मोठ्या दुकानाच्या काचेत ती मांडली गेली. १९१२ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा वडील अध्यक्ष झाले. मुलाच्या पाठीशी पैसा आणि शब्द दोन्ही घेऊन उभा राहणारा पाद्री, हे चित्र मला फार आवडलं. आपल्याकडे अशा मुलाला बाप आधी म्हणेल, नोकरी बघ.

पण शर्यतीची हाव सुटत नव्हती. १९१२ च्या शेवटी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मॉर्गनने स्वतः एका तासात जवळपास ६० मैल कापले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये अमियां इथल्या शर्यतीत मॉर्गन पहिली आली. तिला मोटारींत धरायचं की साइडकारच्या गटात, यावरून वाद झाला तो वेगळा. तिथून पुढे कंपनीच्या यादीला दोन फाटे फुटले. एकीकडे एअरो आणि सुपर स्पोर्ट्स. त्या बुटक्या, इंजिन पुढे उघडं, शेपटीकडे निमुळत्या. सामान ठेवायला जागा म्हणाल तर नावालाच. दुसरीकडे फॅमिली मॉडेल. त्यात मागे मुलांसाठी सीट. कारखाना तोच, सांगाडाही बराचसा तसाच. फरक होता तो माणसं किती आणि कोण, यात.

१९२४ मध्ये ब्रुकलंड्सच्या २०० मैलांच्या शर्यतीत एक मॉर्गन उलटली. चालक वेअर आणि त्याचा मेकॅनिक जबर जखमी झाले. आयोजकांनी तीनचाकींना मोटारींबरोबर पळायला बंदी केली. तरी वेग थांबला नाही. १९३० च्या सुमाराला फ्रान्समधल्या मॉन्लेरीच्या ट्रॅकवर ग्वेंडा स्ट्यूअर्ट नावाच्या बाईने मॉर्गनवर ताशी ११० मैलांहून जास्त वेगाचे विक्रम केले. भाभींना मी हे मुद्दाम कळवलं. मागची सीट ही बायकांची जागा आहे असं गाडीवर कुठे लिहिलेलं नसतं.

फॅमिली मॉडेलला लोकांनी का घेतलं, याचं मोठं कारण कर हे होतं. वजनाने हलकी तीनचाकी ब्रिटनमध्ये वर्षाला चार पौंड भरून चालवता यायची. चारचाकीला दर हॉर्सपॉवरमागे एक पौंड, म्हणजे छोट्या ऑस्टिन सेव्हनलाही आठ पौंड. १९३५ पासून चारचाकीचा दर १५ शिलिंगांवर आला आणि कुटुंबवाले तिकडे सरकले. मॉर्गननेही १९३६ पासून चारचाकी विकायला सुरुवात केली. १९५२ मध्ये जुन्या तीनचाकीचं उत्पादन थांबलं. कुटुंबाला चौथं चाक परवडू लागलं की तीनचाकी उरते ती फक्त शौकाची, असं तेव्हा वाटलं असेल.

अमेरिकेत तिसरं चाक शौकासाठी नव्हे, कामासाठी आलं. हार्ले-डेव्हिडसनची सर्व्हि-कार १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत होती. पुढे मोटरसायकल, मागे दोन चाकं आणि पेटी. गॅरेजचा माणूस तिच्यावरून गिऱ्हाइकाकडे जायचा आणि येताना ती गिऱ्हाइकाच्या मोटारीमागे जोडून परत आणायचा. पोलीस त्यावर बसून उभ्या गाड्यांच्या टायरवर खडूच्या खुणा करत फिरायचे. आपल्या दिल्लीतली फटफटीही याच कुळातली म्हणता येईल. महायुद्धातल्या जुन्या मोटरसायकलींचा पुढचा भाग, मागे प्रवाशांची बाकं. प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ मध्ये तिला दिल्लीच्या रस्त्यावरून हटवलं. हार्लेने पुढे सहलीसाठी ट्राय ग्लाइड आणि २०१५ च्या यादीत तिची हलकी, उघडी बहीण फ्रीव्हीलर आणली. म्हणजे पुन्हा तीच दोन टोकं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर भाईजानचा प्रश्न अर्धवट कळेल. रिक्षावाला वळणावर वेगात असताना अचानक ब्रेक मारतो तेव्हा पोटात गोळा का येतो? रिक्षाला पुढे एकच चाक. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, वळणामुळे ते बाहेरच्या बाजूलाही ढकललं जातं, आणि नेमकं त्या पुढच्या कोपऱ्यात टेकायला चाक नसतं. तिपाईचे दोन पाय पुढे ठेवले तर ब्रेक मारताना ती जास्त पक्की बसते. मॉर्गनने तेच केलं होतं, आणि स्पायडरही तशीच आहे.

उलट बाजूचा धडा अमेरिकेने महाग किंमत मोजून घेतला. १९७० पासून होंडाने रानावनात चालवायच्या, फुगीर टायरच्या तीनचाकी विकल्या. पुढे एक चाक, मागे दोन. १९८० च्या दशकात त्यातही दोन घराणी झाली. शेतकामाची, सामान वाहणारी बिग रेड आणि उड्या मारणारी २५०आर. अपघात वाढले, त्यात मुलंही होती. अखेर १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी अशा नव्या तीनचाकींची विक्री थांबवली.

आता भाईजानच्या गाडीकडे येते. ती बनवणाऱ्या कंपनीचं मूळ क्यूबेक प्रांतातल्या वॅलकूर गावात आहे. जोझेफ-आर्मां बाँबार्दिए हा तिथला मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते, हॉस्पिटलात नेता आलं नाही, मूल गेलं. बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या खटपटीत तो आधीपासून होता. १९३७ मध्ये त्याला तिच्या चाक-पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि त्याच्या पहिल्या गाड्या सात-सात, बारा-बारा माणसं घेऊन जाणाऱ्या होत्या. १९५९ मध्ये त्यानेच एक-दोघांची खेळकर स्की-डू आणली. एकाच माणसाच्या हातून आधी माणसं वाहणारी गाडी आणि मग मजेची गाडी! हे वाचल्यावर मला आरटी आणि एफ३ मधलं नातं एकदम जवळचं वाटू लागलं.

स्पायडर २००७ मध्ये आली ती खेळकर रूपात. आरटी २०१० च्या यादीत, एफ३ २०१५ च्या. दोघींना आज १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ११५ हॉर्सपॉवरचं. दोघींना रिव्हर्स गिअर आहे. चाक उचललं जाऊ लागलं तर ब्रेक आणि इंजिन आवरणारी यंत्रणाही दोघींत आहे. थांबताना पाय टेकायचा नाही, म्हणजे भाईजानचा सिग्नलचा प्रश्न कुठलीही घेतली तरी मिटला.

फरक आहे बसण्यात. आरटीवर माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो. समोर उंच काच, सामानाला जागा, मागच्या माणसाला पाठ टेकायची सोय. एफ३ वर स्वार खाली बसतो, पाय पुढे पसरलेले, आणि पायटे मागेपुढे सरकवून घेता येतात. गुडघ्याला हे बरं, कारण तो फार दुमडावा लागत नाही. भाईजानच्या बाजूने खरा मुद्दा हाच होता, आणि त्यांनी तो एकदाही मांडला नाही! ते आवाजाबद्दल बोलत होते.

पण स्पायडर वळणावर कलत नाही. दोनचाकी गाडी आत झुकते, म्हणून मागचा माणूस सीटवर दाबून राहतो. ही गाडी सपाट वळते आणि अंग बाहेर फेकलं जातं. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, वळण कधी येणार हेही त्याला ठाऊक असतं. मागच्याच्या हातात काय? एफ३ जितकी जोरात वळणं घ्यायला उत्तेजन देते, तितका हा भार मागच्या माणसाच्या हातांवर येतो. मोडून जुळलेलं मनगट घेऊन सहा तास हे सोसणार कोण? (यामाहाची निकन आणि तिची प्रवासी बहीण निकन जीटी तीन चाकांवरही कलतात. पण थांबल्यावर त्यांना पायाने तोलावं लागतं. भाईजानच्या उपयोगाच्या नाहीत.)

एफ३ लाही बॅगा आणि पाठ टेकायची पेटी लावलेले प्रकार मिळतात. मध्यम मार्ग म्हणून मी तो विचारात घेतला. पण बॅगा लावल्याने सीटची उंची बदलत नाही. याच कंपनीने २०१८ च्या शेवटी आणलेल्या स्वस्त रायकरला तर मुळात एकच सीट. मागची हवी असेल तर वेगळी बसवून घ्यावी लागते. १९१० सालच्या ऑलिम्पियात लोक जे विचारून परत गेले, ते आजच्या गिऱ्हाइकालाही विचारावं लागतंच.

मी भाईजानना लिहिलं की वर्षातले बहुतेक दिवस एकटेच फिरणार असाल तर एफ३ घ्या, गुडघा दुवा देईल. भाभींना घेऊन क्यूबेकपर्यंत जायचं असेल तर आरटी. आणि निर्णयाआधी दोन्ही गाड्यांवर भाभींना मागे बसवून निदान तासभर वळणावळणाच्या रस्त्याने न्या. शोरूमच्या आवारातली फेरी नको. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी भाईजानचा निरोप आला, "तू भाभीची वकील झालीस."

उन्हाळ्यात आरटी घरी आली. पहिल्या लांब सफरीनंतर भाभींनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला. मनगट ठीक होतं. तक्रार एकच होती. काच उंच असल्याने वाऱ्याचा आवाज येत नाही, त्यामुळे पूर्ण रस्ताभर यांचं बोलणं ऐकावं लागतं.