ऐकणाऱ्या कानाचा इतिहास



जून-जुलै आला की आपल्या गटांच्या कर्जाच्या वहीत एक नोंद वाढते. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, आणि त्यांच्या खाली लिहिलेलं असतं: मुलाची फी, मुलीचं होस्टेल. आपली पोरं पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. फी, खोलीभाडं, मेस, सगळ्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. पण तिकडे त्या पोरांच्या मनात काय चाललंय, ते कोण विचारतं? कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या मनाला आधार द्यायला कोण, कधी पुढे आलं, हे आज आम्ही सांगणार आहोत. हा इतिहास फार जुना नाही, आणि त्यात आपल्यासारख्या साध्या माणसांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. इंग्रजांच्या राज्यात मनाचं दुखणं म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे चार भिंतींच्या आत कोंडणं, एवढाच विचार होता. १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचे कायदे झाले, १९१२ साली नवा कायदा आला. त्या कायद्यांना मुख्य काळजी होती ती माणसाला आत ठेवायचं कसं आणि त्याच्या इस्टेटीचं काय करायचं याची. दुसरीकडे १८६० च्या दंडसंहितेत ३०९ वं कलम होतं. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला त्यात एक वर्षापर्यंत कैद होती. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त आधार हवा, त्याच्याच दारात पोलीस. त्यामुळे घरचे लोक गोष्ट लपवत. डॉक्टरला खोटं सांगत. मूल मात्र आत आत कुढत राही.

पण कायदा असा कठोर असतानाच आपल्या मुलखात वेगळं काम सुरू होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या पोरांचं खाणंपिणं, आजारपण पाहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. धान्याला पैसे नव्हते तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९३० साली त्या गेल्या. ती मुलं शाळेची होती, कॉलेजची नव्हती, आणि त्या कामाला कोणी मानसिक आरोग्य म्हणत नव्हतं. पण घर सोडून आलेल्या पोराला आधी काय लागतं, ते लक्ष्मीबाईंना ठाऊक होतं. कोणीतरी आपल्याला विचारणारं आहे, हे कळणं म्हणजेच निम्मा आधार.

अमेरिकेत प्रिन्स्टन नावाचं जुनं विद्यापीठ आहे. तिथे १९१० साली लक्षात आलं, की हुशार मुलं शिक्षण अर्धवट टाकून जातायत, आणि त्याचं कारण अभ्यास नसून मनाचा त्रास आहे. तेव्हा तिथे विद्यार्थ्यांसाठी मनाच्या डॉक्टरची सोय झाली. विद्यापीठाने अशी सोय करण्याची ती पहिली नोंद मानतात.

त्यानंतरची गोष्ट इंग्लंडची आहे, आणि ती प्रत्येक आईने ऐकावी अशी आहे. चाड वारा नावाचे एक तरुण धर्मगुरू होते. १९३५ साली त्यांना १४ वर्षांच्या एका मुलीचे अंत्यविधी करावे लागले. तिला पाळी सुरू झाली होती. पाळी म्हणजे काय, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याला काहीतरी वाईट रोग झाला असं वाटून तिने स्वतःचा जीव घेतला. विचारायला एकही माणूस नव्हता, म्हणून एक मुलगी गेली. ही गोष्ट वारांच्या मनातून गेली नाही. १९५३ साली त्यांनी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि जाहीर केलं, की जीव नकोसा झाला असेल तर आधी आम्हाला फोन करा.

फोन आले, माणसंही आली. रांग लागली. रांगेतल्यांना चहा द्यायला काही साधे स्वयंसेवक बसत. आणि एक नवल घडलं. चहा पिता पिता त्या स्वयंसेवकांशी बोलून कितीतरी माणसं हलकी होत आणि वारांना न भेटताच घरी जात. वारांनी त्यातून धडा घेतला आणि पुढच्याच वर्षी ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. समॅरिटन्स ही संस्था अशी उभी राहिली. तिची रीत सोपी: रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, कोणाचं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. १९७० मध्ये इंग्लंडच्याच एसेक्स विद्यापीठात मुलांनी हीच रीत उचलली. रात्री मन खायला उठतं, तेव्हा फोन उचलायला विद्यार्थीच बसू लागले. त्या सेवेचं नाव नाइटलाइन.

आपल्या देशात चेन्नईला १९८६ मध्ये स्नेहा नावाची संस्था सुरू झाली, तीही ऐकणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर. महाराष्ट्रात ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मनाच्या आरोग्याची संस्था सुरू केली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली आयकॉल ही फोनसेवा सुरू केली.

कायद्याला मात्र वेळ लागला. जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा इंग्लंडने १९६१ सालीच रद्द केला. त्यांनी आपल्याला दिलेलं कलम मात्र आपल्याकडे तसंच राहिलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि चित्र पालटलं. असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं आणि उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य, असं तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलम घेतलेलंच नाही. म्हणून मैत्रिणींनो, पोलीस केस होईल या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

आता कॉलेजांकडे येऊ. मुलांच्या मनावर ताण फक्त परीक्षेचा नसतो. नवं शहर, इंग्रजीतले तास, मित्रांच्या खर्चाशी बरोबरी, जातीवरून टोमणे, रॅगिंग, असं बरंच असतं. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेलिमानस ही फोनसेवा सुरू केली. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयात दोन मोठी पावलं उचलली. मार्चमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. २५ जुलैला सगळ्या शिक्षणसंस्थांना नियम घालून दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थेने बाहेरच्या जाणकाराशी जोडून घ्यावं. मदतीचे फोन नंबर होस्टेलमध्ये आणि वर्गात मोठ्या अक्षरांत लावावेत. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. सरकारचा कायदा येईपर्यंत हे नियम बंधनकारक आहेत. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फीच्या खिडकीशी जसं विचारता तसंच विचारा, "समुपदेशक कोण आहेत? कुठे बसतात?" हा आपला हक्क आहे.

पण कोर्टाचा कागद घरात येऊन पोराशी बोलत नाही. ते आपल्यालाच करायचं आहे. गटातून फीचं कर्ज काढलं की "तुझ्यासाठी कर्ज काढलंय, नापास झालास तर तोंड दाखवू नको" हे वाक्य घराघरात सहज बोललं जातं. बोलणारीच्या मनात माया असते. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आपण घराच्या डोक्यावरचं ओझं आहोत. कर्ज मोठ्या माणसांनी घेतलेलं आहे, त्याचा हिशेब मोठ्यांचा. अडचण आली तर गटाच्या बैठकीत ठराव करून हप्ता पुढे ढकलता येतो. गेलेला विषय पुन्हा देता येतो. गेलेलं पोर परत आणता येत नाही.

फोनवर "अभ्यास झाला का" याच्या आधी "जेवलास का, झोप लागते का, कोणाशी बोलतोस" हे विचारा. पोर बोलू लागलं की मध्ये तोडू नका. झोप, जेवण, बोलणं फार बदललं असेल तर समुपदेशकाकडे किंवा सरकारी दवाखान्यात न्या. "मला जगायचं नाही" असं तोंडून निघालं तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, जवळ माणूस ठेवा, लगेच १४४१६ ला फोन लावा आणि डॉक्टर गाठा. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

लंडनच्या त्या चहावाल्या स्वयंसेवकांकडे कसलीच पदवी नव्हती. साताऱ्याच्या लक्ष्मीबाईंकडेही नव्हती. डॉक्टरचं काम डॉक्टर करतील, पण पहिला कान घरातला असावा. या आठवड्याच्या बैठकीत वहीच्या पहिल्या पानावर १४४१६ लिहून ठेवा, आणि बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला तो नंबर कळवा.