कोंबडीचा आहार व अंड्यांचे उत्पादन

कोंबडीने वर्षाकाठी किती अंडी द्यावीत याची कमाल मर्यादा तिच्या वंशाने ठरविलेली असते. त्या मर्यादेपर्यंत ती पोहोचेल की नाही, हे बव्हंशी तिच्या दाण्यापाण्यावर अवलंबून राहते. रानकोंबडी विणीच्या हंगामात मोजकी अंडी घालून उबवावयास बसते, गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, आणि इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून जिचे नाव पडले ती व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी उत्तम संगोपनात 250 ते 300 पर्यंत मजल मारते. उकिरडा उकरून, किडे-कण्या वेचून गावठी कोंबडी आपला निर्वाह करते आणि आपल्या प्रमाणात अंडीही देते. परंतु त्याच उकिरड्यावर लेगहॉर्नला सोडल्यास तिचे विशेष असे काहीच उरत नाही, कारण अंडी देण्याची शक्ती जितकी अधिक, तितके आहाराचे पारतंत्र्यही अधिक.

सुमारे 58 ग्रॅम वजनाच्या अंड्यात 6 ते 7 ग्रॅम प्रथिने, जवळजवळ तितकीच स्निग्ध द्रव्ये आणि 5 ते 6 ग्रॅमचे कवच असते, व ही सर्व घडण बलक अंडाशयातून सुटल्यापासून साधारण 25 तासांत पुरी होते. या कामी लागणारे साहित्य खाद्यातून पुरेसे न आल्यास कोंबडी निकस अंडे घालीत नाही, ही गोष्ट पाळणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. प्रथिन कमी पडले म्हणून अंड्यातील प्रथिनाचे प्रमाण फारसे घटत नाही. कोंबडी आधी स्वतःचे मांस व हाडे खर्ची घालते, मग अंड्याचा आकार लहान करते, आणि तेही न साधल्यास अंडाशयातील वाढते बलक शरीरात परत शोषून घेऊन अंडी देणेच थांबविते. म्हणून टोपलीतील अंड्यांची गणती ही आहारातील दोषाची फार उशिरा पोहोचणारी वर्दी होय. पक्ष्याचे वजन नियमाने घेणारास तीच वर्दी कित्येक दिवस अगोदर मिळते.

स्वतःच्या शरीरातून काढलेल्या या ऋणाचा सर्वांत ठळक प्रकार कॅल्शियमच्या बाबतीत दिसतो. कवच हे जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटचे असून प्रत्येक अंड्यासोबत 2 ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम शरीराबाहेर जाते. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात मात्र ते 20 ग्रॅमच्या आसपासच असते. निसर्गाने यासाठी एक तजवीज करून ठेविली आहे : तलंग अंड्यावर येण्याच्या सुमारास तिच्या लांब हाडांच्या पोकळीत स्त्री-संप्रेरकांच्या प्रभावाने एक विशेष अस्थी तयार होते, आणि रात्री, जेव्हा कवच बनत असते परंतु आतड्यात अन्न नसते, तेव्हा हीच ठेव मोडून चुना पुरविला जातो. दिवसा ती ठेव भरून निघाली नाही, तर प्रथम कवच पातळ होते, पुढे बिनकवचाची अंडी पडू लागतात, आणि अखेरीस पाय लुळे पडून कोंबडी बसकण मारते. म्हणून अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम शेकडा 3.5 ते 4 ठेवतात. त्याचा काही भाग शिंपल्यांच्या जाडसर चुऱ्याच्या रूपाने दुपारनंतर द्यावा, हे उत्तम. जाड कण पथरीत रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळतात आणि हाडांवरील भार हलका करतात. अन्न दळण्यासाठी कोंबडी गिळते ते न विरघळणारे खडे निराळे. त्यांनी कवचाची गरज भागत नाही. हेच चुनायुक्त खाद्य वाढत्या पिलांना देणे घातक ठरते, कारण त्यांना शेकडा 1 च्या आसपास कॅल्शियम पुरते व अधिकाने मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय ड-जीवनसत्त्वावाचून खाल्लेला चुना अंगी लागत नाही. उन्हाचे दर्शन नसलेल्या पिंजऱ्यातील कोंबडीस ते खाद्यातूनच द्यावे लागते, आणि तेही ड-3 या रूपात, कारण वनस्पतिजन्य ड-2 पक्ष्यांना फारच थोडे उपयोगी पडते.

प्रथिने शेकडा 16 ते 18 असावीत असा सामान्य संकेत आहे, तथापि केवळ आकडा गाठून भागत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिन मुबलक असूनही मेथिओनीन व लायसीन ही अ‍ॅमिनो आम्ले तोकडी पडतात. तिळाच्या पेंडीत मेथिओनीन चांगले, पण लायसीन अपुरे. या उणिवा भरून काढण्यास सोयाबीनची पेंड किंवा मासळीची कुटी लागते. शेंगदाण्याच्या पेंडीस बुरशीचेही भय असते : 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी दगावले, त्याचे कारण ब्राझीलहून आलेल्या पेंडीतील बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, हे असल्याचे पुढे सिद्ध झाले. हे विष अल्प मात्रेतही कोंबडीचे यकृत बिघडविते, आणि बलकाची द्रव्ये यकृतातच बनत असल्याने अंडी घटतात. दमट हवेत साठविलेली पेंड म्हणूनच कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. खानदेश-विदर्भात सहज मिळणारी सरकीची पेंड दुसऱ्या प्रकारे दगा देते. तिच्यातील द्रव्यांमुळे साठवणीतील अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी व पांढरा भाग गुलाबी होऊ शकतो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत वर सांगितलेला शिरस्ता पुष्कळसा उलटतो : ती खाद्यात जितकी, तितकी अंड्यात उतरतात. रिबोफ्लेव्हिन कमी पडले तर अंडी दिसावयास निर्दोष असतात, पण उबवणीत गर्भ मरतात. त्यामुळे पिलांसाठी अंडी घेणाराने आहाराची अधिक काळजी वाहावी. जीवनसत्त्वांच्या शोधातही कोंबडीचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बटाव्हिया येथे क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला असे आढळले, की रुग्णालयातील, सडून कोंडा काढलेल्या तांदळाच्या भातावर ठेविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ मिळताच त्या सुधारतात. त्या निरीक्षणातून बेरीबेरीचे मर्म उलगडले, व 1929 मध्ये आइकमानला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

बलकाचा रंगही खाद्यातूनच येतो. पिवळा मका, लसूणघास व झेंडूच्या पाकळ्या यांतील झँथोफिल रंगद्रव्यांनी तो गडद होतो, पांढऱ्या ज्वारीवर फिका पडतो. केवळ गडद बलकावरून अंडे अधिक पौष्टिक समजण्यास आधार नाही. कवचाचा पांढरा वा तपकिरी रंग ही तर जातीची बाब, आहाराची नव्हे.

मीठ शेकडा अर्ध्याहून कमीच लागते, पण ते वगळले तर अंडी झपाट्याने घटतात व कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात. खारवलेली सुकट घातल्यास तिच्यातील मीठ हिशेबात धरावे लागते. पाण्याचे महत्त्व दाण्याहून अधिक आहे. दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाणारी कोंबडी त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते, आणि एखादा दिवस पाणी तुटले तरी अंडी थांबतात व पूर्ववत होण्यास बरेच दिवस घेतात. नागपूर-चंद्रपूरकडील वैशाखात कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातील कर्बवायू निघून जाऊन कवचासाठी लागणारा कार्बोनेटचा अंश कमी पडतो, शिवाय उन्हाने तिचे खाणेही घटते. अशा वेळी नुसता चुना वाढवून कवच सुधारत नाही. खाद्यातील प्रथिने, खनिजे व जीवनसत्त्वे यांचे प्रमाण वाढवावे, दाणा पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास घालावा, आणि पाण्याची भांडी सावलीत ठेवून दिवसातून अनेकदा गार पाण्याने भरावीत.