भाऊबंदकी आणि संपत्तीचा अदृश्य उगम

घराण्यातील कलह हे मराठी नाट्यपरंपरेतील जुने आशयसूत्र आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) ते नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाच्या निमित्ताने सत्ताकारणाच्या पातळीवर उभे राहते, तर महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) धरणगावकर देशपांड्यांच्या ढासळत्या वाड्यात. दूरचित्रवाणीवर या सूत्राचा प्रदीर्घ विस्तार ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने केला. ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ या काळात तिचे तीन हजारांहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. श्रीमंत देशमुख घराणे, सासू आशा (रोहिणी हट्टंगडी) आणि सून अनुराधा (कविता लाड) हे तिचे केंद्र होय. मराठी समीक्षेने अशा मालिकांना ‘करमणूक’ ठरवून बहुधा दूरच ठेवले. त्यामुळे एका महत्त्वाच्या रूपांतराची नोंद राहून गेली.

हे रूपांतर प्रथम काळाच्या हाताळणीत दिसते. ‘भाऊबंदकी’त रामशास्त्र्यांचा न्याय आहे, ‘वाडा चिरेबंदी’त दागिने गेल्यावर परतीचा मार्ग उरत नाही. दोन्हीकडे कृतीला परिणाम असतो, आणि परिणाम झाला की नाटक संपते. दैनंदिन मालिकेला मात्र संपणे परवडत नाही. म्हणून कारस्थान उघडकीस येते, क्षमा मिळते आणि नवे कारस्थान सुरू होते. मेलोड्रामा गूढ झालेल्या नैतिक व्यवस्थेला दृश्य रूप देतो, असे पीटर ब्रुक्स यांनी १९७६ मध्ये मांडले होते. मालिकेत ही नैतिक व्यवस्था रोज संध्याकाळी दृश्य होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धोक्यात येते.

दुसरे रूपांतर संपत्तीविषयीचे आहे. देशपांडे व देशमुख ही दोन्ही मुळात परगण्याच्या वतनांची नावे. मुंबई राज्यात ही वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, तरी आडनावातील अधिकाराचे वलय टिकून राहिले. एलकुंचवारांनी हे वलय जमिनीशी, कर्जाशी आणि अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरशी ताडून पाहिले. मालिकाप्रकाराने वलय ठेवले आणि त्याचा भौतिक आधार वगळला. तेथे वारसा म्हणजे मृत्युपत्र, सह्या, तिजोरीच्या किल्ल्या. ‘कंपनी’वरून भांडण होते; त्या कंपनीतील श्रम पडद्यावर जवळजवळ येतच नाही.

ही उणीव मुंबईच्या दिवाणखान्यातून सहसा जाणवत नाही. बोईसर-तारापूरच्या बाजूने पाहिल्यास ती स्पष्ट होते. तारापूर अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे विस्थापित झाली. हे संच २००५ व २००६ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आले, म्हणजे नेमके मालिका चालू असतानाच. पालघर जिल्हा २०१४ मध्ये निर्माण झाला, तो या साऱ्यानंतर. एकाच काळात एका संहितेत घर कोणाच्या नावावर राहणार हा अखंड प्रश्न होता, आणि या किनाऱ्यावर घरच उठत होते. दुसऱ्या प्रश्नाला त्या कथनप्रकारात जागा नव्हती.

यावरून प्रेक्षकाला भाबडा ठरवणे चुकीचे होईल. ‘डॅलस’च्या डच प्रेक्षकांविषयीच्या अभ्यासात इयन आंग यांनी दाखवले की, बाह्य वास्तव खोटे वाटत असतानाही प्रेक्षक भावनिक वास्तव खरे मानू शकतो. सासूचा धाक, सुनेचे उपरेपण, आपले स्थान गमावण्याची भीती यांना श्रीमंत घराची अट नसते. औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या खोलीतही त्या अर्थपूर्ण ठरू शकतात.

मालिकेचे सामर्थ्य आणि मर्यादा येथे एकत्र येतात. घरातील सत्तेची भाषा तिने बारकाईने जपली. घर उभे करणाऱ्या आणि घर मोडणाऱ्या बाहेरच्या सत्तेला मात्र तिने संहितेबाहेर ठेवले. मराठी कथनाचा इतिहास लिहिताना ‘भाऊबंदकी’ ते ‘चार दिवस सासूचे’ ही रेषा मान्य करावी लागेल. त्याचबरोबर तीत अक्करपट्टी आणि पोफरणचे घर का आले नाही, हेही विचारावे लागेल.